गिथाइगा गुका ठराव मांडतात

“कंपनीचा अहवाल वाचायचा नसतो, तिच्या फाटकापाशी उभं राहून तिचा वास घ्यायचा असतो,” असं गिथाइगा गुका एकदा म्हणाले होते.

म्हणाले ते चहाच्या मगाला. समोर न्यागुथी उभी होती, पण गुकांची बरीचशी वाक्यं कपाला, काठीला नाहीतर रस्त्याला उद्देशून असत. ऐकणाऱ्याने मधल्यामध्ये उचलायची. न्यागुथीने हे वाक्य उचललं आणि ते तिच्या डोक्यात बोरीच्या काट्यासारखं अडकून बसलं. केनियातल्या कराटिनाच्या बाजारात, बटाट्याच्या पोत्यांमागे तिची खानावळ होती. चार बाकं, दोन चुली, वर पत्रा. दिवसाकाठी तीस किलो मक्याच्या पिठाची उगाली, म्हणजे घट्ट उकड, ती स्वतः ढवळायची आणि ती खायला येणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकायची. कुणी कोबीचा भाव सांगे, कुणी सुनेचं गाऱ्हाणं. शेअरबाजाराबद्दल बोलणारं एकच माणूस तिथे येई, आणि तेही फारसं बोलत नसे.

सगळा बाजार त्यांना गुका म्हणे, म्हणजे आजोबा. वय ऐंशीच्या आसपास. डोक्यावर तपकिरी हॅट, अंगात कोट, कोटाच्या खिशात भिंग. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं कारकुनी केलेली. काम एकच: डबा काट्यावर चढला की कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळतं का ते बघायचं. “कागदावर चाळीस टन, काट्यावर बत्तीस,” ते म्हणत. “उरलेले आठ टन कुठे गेले ते शोधण्यात माझी जवानी गेली. सापडले नाहीत. पण सवय लागली.”

अठ्ठ्याहत्तर साली नोकरी सुटताना हातात रक्कम आली. बरोबरीच्यांनी जमीन घेतली, कुणी दुसरी बायको केली. गुकांनी कागद घेतले. चर्च सुटल्यावर आवारात टेबल टाकून मुगुमो मिलर्सचा संस्थापक स्वतः शेअर विकत बसला होता. सगाना नदीकाठी त्याची मक्याची गिरणी होती, आणि ती आता नैरोबीच्या बाजारात नोंदवली जाणार होती. लोक थांबत, पुढे जात. गुकांनी त्या माणसाचा हात हातात घेतला, उलटा करून नखं बघितली. नखांत पीठ होतं. त्यांनी जवळची निम्मी रक्कम तिथेच मोजून दिली. बायको रोडा महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पहिला लाभांश आला चौऱ्याऐंशी शिलिंग, तेव्हा बोलली, म्हणाली, “एवढ्यात कोंबडी तरी येते का?” कोंबडी आली.

पुढे इतर कंपन्याही घेतल्या. मूठभर कंपन्यांचाच तो बाजार. पेपरात अर्ध्या पानात मावायचा. भाव वाढला म्हणून गुकांनी कधी काही विकलं नाही. वर्षाकाठी जे येईल ते घ्यायचं, आणि ज्या कंपनीकडून आलं तिचं नाव त्यातून घेतलेल्या वस्तूला द्यायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. अंगणातल्या पाण्याच्या टाकीचं नाव ‘बँक’. गोठ्याचं नाव ‘सिमेंट’. रोडाच्या गुडघ्याची आणि रक्तदाबाची औषधं म्हणजे ‘मुगुमो’. “आज मुगुमो घेतलीस का?” असं ते सकाळी विचारत, आणि नवखा पाहुणा गोंधळून जाई.

न्यागुथीला त्यांच्या पैशाचं कुतूहल नव्हतं. तिला कळायचं होतं ते एवढंच, की या माणसाला कळतं कसं? तीन कंपन्या गेल्या काही वर्षांत बसल्या, आणि तिन्हींत गुकांचा एकही शेअर नव्हता. तिने अनेकदा विचारलं. एकदा उत्तर आलं, “त्यांच्या साहेबाची गाडी फार वेळा धुतली जायची.” एकदा नुसतंच, “उगालीत मीठ कमी आहे.”

या खेपेला तिला खरं उत्तर हवं होतं, कारण तिच्याकडे बाराजणींचे सहा लाख शिलिंग होते.

त्या बाराजणींचा बचत गट होता. दर गुरुवारी प्रत्येकीने आपापल्या धंद्यातून टाकलेले पैसे, सात वर्षांचे. न्यागुथी त्यांची खजिनदार. नगरपालिकेच्या नव्या इमारतीत गटाच्या नावावर गाळा घ्यायचा होता. डिसेंबरपर्यंत पैसे भरायचे. एवढ्यात मुगुमोने जाहीर केलं की यंदा लाभांश शेअरमागे साडेचार शिलिंग. मागच्या वर्षी होता एक शिलिंग साठ. कराटिनात पेपर न वाचणाऱ्यांनाही दुपारपर्यंत कळलं.

“साडेचार!” जेरुशा म्हणाली. ती जुने बूट विकायची आणि गटात तिचा आवाज सगळ्यांत मोठा. “शेअर सव्वीसला मिळतोय. सहा लाखांचे घेतले तर लाभांश लाखाच्या वर जातो. पुढच्या शुक्रवारी त्यांची वही बंद होणार, त्याआधी आपलं नाव चढलं पाहिजे. लाभांश खिशात घालायचा, मग शेअर विकायचे, गाळा घ्यायचा, वर लाखभर शिल्लक. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“मला करू दे ना विचार.”

“तू कर. तू उगाली ढवळतेस तसा कर, गोल गोल. तोवर वही बंद होईल.”

बाकीच्या हसल्या. न्यागुथीही हसली. मग म्हणाली, “बुधवारी त्यांची वार्षिक सभा आहे. आपले चाचणीपुरते दोनशे शेअर माझ्या नावावर आहेत, मला जाता येतं. गुकाही जाणारच. त्यांचं मत घेते आणि तिथूनच कळवते.”

“आणि गुका म्हणाले मीठ कमी आहे, तर?”

“तर मीठ घालते.”

सभेच्या आदल्या शनिवारी गुका खानावळीत आले आणि मगाला म्हणाले, “सोमवारी सगानाला जाणार आहे. मटाटूत एक जागा शेजारी रिकामी असेल.”

न्यागुथीने चुलीवर बहिणीला बसवलं आणि सोमवारी ती त्या छोट्या भाड्याच्या बसमध्ये त्या जागेवर बसली.

गिरणीच्या फाटकापाशी ते खरोखरच नुसते उभे राहिले. पाव तास. न्यागुथीने दीर्घ श्वास घेतला. वास येत होता तो ताज्या रंगाचा. फाटक हिरवंगार रंगवलेलं, त्यावर मुगुमोचं झाड, पांढऱ्या रेषांनी नव्याने काढलेलं. पहारेकऱ्याचा गणवेश नवा होता, बाहीवरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“छान केलंय,” ती म्हणाली. “कंपनी जोरात दिसते.”

गुका वर बघत होते. कोठाराच्या पत्र्यावर, तारांवर, भिंतीवर. मग पहारेकऱ्याला म्हणाले, “बाळा, कबुतरं कुठे गेली?”

“कसली कबुतरं, गुका?”

“इथे सांडलेल्या दाण्यांवर हजारभर असायची. माझ्या हॅटवर दर सभेला एखादं तरी आशीर्वाद द्यायचं.”

“सुट्टीवर असतील,” पहारेकरी म्हणाला, आणि मग जरा हळू आवाजात, “यंत्रांची दुरुस्ती चाललीय. होईल सुरू.”

“कधी?”

“मला कोण सांगतं? मला गणवेश दिला, मी घातला.”

परतीच्या वाटेवर न्यागुथीने विचारलं, “दुरुस्ती असेल खरंच. यंत्रं जुनी झालीच असतील ना?”

“असेल,” गुका खिडकीला म्हणाले.

“मग आम्ही पैसे घालायचे की नाही?”

“बुधवार अजून यायचाय.”

ते चिडवत नव्हते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनाही माहीत नव्हतं. काट्यावर डबा चढलेला होता आणि काटा हलत होता. थांबेपर्यंत आकडा बोलायचा नाही. तिला गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की या माणसाकडे गुपित असं काही नाहीच. आहे ती फक्त न समजलेल्या गोष्टीपाशी उभं राहायची ताकद. कबुतरं नाहीत, एवढंच घेऊन तो दोन दिवस झोपू शकतो. तिला नाही झोपता आलं.

सभा दरवर्षी गिरणीच्याच आवारात मांडवाखाली व्हायची, यंत्रांच्या घरघरीत, माइकवरचं निम्मं न ऐकू येता. यंदा ती थिकाच्या एका हॉटेलात होती, गालिचा घातलेल्या सभागृहात. मुरांगा, न्येरी, किरिन्यागाकडून म्हातारी माणसं पहाटेच निघून आली होती. कोट घातलेले आजोबा, डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या, हातात अहवालाचं जाड पुस्तक आणि दुमडलेली रिकामी पिशवी. पिशवी आणायचीच असते. मुगुमो दर सभेला प्रत्येक भागधारकाला आपल्या पिठाचा दोन किलोचा पुडा देई. एरवी तो सगळं संपल्यावर मिळायचा, आणि त्या रांगेत ढकलाढकली होऊन एखाद्याचा दात पडायचा. यंदा पुडा दारातच हातात ठेवत होते.

“शिकले शेवटी,” एक आजी म्हणाली. “आता घरी गेलं तरी चालेल.”

“आणि जेवण?” मागच्या आजोबांनी विचारलं.

“तेवढ्यासाठी बसू.”

गुकांना पुढच्या रांगेत नेण्यात आलं. न्यागुथी त्यांच्या काठीसारखी बरोबर गेली. कंपनीचे सचिव वाकून आले आणि त्यांनी गुकांच्या हातात एक छापील चिठ्ठी दिली. हाही रिवाज. वर्षाचा हिशेब मंजूर करायचा ठराव भागधारकांपैकी कुणीतरी मांडावा लागतो, दुसऱ्याने अनुमोदन द्यावं लागतं. बावीस वर्षं हा ठराव गुकाच मांडत आले होते. आधी संस्थापक त्यांना हाताने उठवायचा, आता त्याचा मुलगा अध्यक्ष होता, तो माइकवरून हाक मारायचा. गुका दर वर्षी चिठ्ठी वाचण्याआधी एखादी थट्टा करत, सभा हसे, आणि हसता हसता हात वर होत. न्यागुथीने हे ऐकलं होतं, आज पहिल्यांदा बघत होती. त्या चिठ्ठीवर गुकांचं नाव छापलेलं होतं, आणि त्यांनी ते नाव अंगठ्याने एकदा पुसल्यासारखं केलं. अभिमान असतो माणसाला. का नसावा?

अध्यक्षांचं भाषण झालं. सगानाची गिरणी वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या. साडेचार शिलिंग म्हटल्यावर तर लोक उभे राहिले. एका आजीने जिभेची लवलव करत आनंदाची किलकारी दिली. मग प्रश्न.

“अध्यक्षसाहेब, मागच्या वर्षी सोडा गार होता. यंदा कोमट आहे असं मला बाहेर दिसलं. याची दखल घ्यावी.”

“घेतली.”

“आणि कोंबडीचा तुकडा मांडीचा असावा, मानेचा नको. आम्ही मालक आहोत कंपनीचे. मालकाला मान कोण देतं?”

सभा हसून लोटपोट झाली. अध्यक्षही हसले, रुमालाने कपाळ टिपत.

गुका हसत नव्हते. त्यांनी पिठाचा पुडा उचलून तळहातावर ठेवला, हात जरासा वरखाली केला. वजन बरोबर होतं. नाकाशी धरला. मग न्यागुथीच्या मांडीवर ठेवला.

“फोड.”

“इथे? गुका, नवा गालिचा आहे.”

“फोड म्हणतोय ना. तू रोज ढवळतेस, मी नुसता खातो. बघून सांग.”

तिने कोपरा फाडला आणि चिमूटभर पीठ बोटांत घेतलं. मुगुमोचं पीठ तिला पक्कं माहीत होतं. महाग झाल्यापासून खानावळीत चक्कीवरचं सुटं पीठ येई, पण घरी आजारपणात, पाहुण्यांना, मुगुमोच. जरा पिवळसर, बोटांना रव्यासारखं लागणारं, कारण ते मक्याचा कोंब सगळा काढून टाकत नसत. हे खडूसारखं पांढरं होतं. पावडर लावतात तसं बोटांवर बसलं.

“हे मुगुमोचं नाही,” ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते तिला नंतर ऐकू आलं.

“पुडा मुगुमोचा आहे,” गुका म्हणाले. “तळाशी काय लिहिलंय?”

तिने पुडा आडवा केला. पीठ गालिच्यावर सांडलं. शेजारच्या आजोबांनी पाय आवरून घेतले. तळाच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती. गुकांनी खिशातलं भिंग तिच्या हाती दिलं. तिने वाचलं: मुगुमो मिलर्ससाठी नकुरू येथे भरले. नकुरू म्हणजे सगानापासून कितीतरी दूरचं, दुसऱ्याच गिरण्यांचं शहर.

लपवलेलं काहीच नव्हतं. छापलेलं होतं, चारशे पुड्यांवर, चारशे मालकांच्या पिशव्यांत. उगालीवर जगणाऱ्या माणसांना कंपनीने स्वतःच्या हाताने पुरावा वाटला होता, आणि तो सगळेजण घरी घेऊन जाऊन, पाण्यात ढवळून, खाणार होते.

 सगाना बंद होती. दुरुस्ती नव्हे, बंद. पण मग एक गोष्ट उरत होती, आणि ती तिला सुटेना.

“गुका, गिरणी चालत नाही, तर साडेचार शिलिंग येतात कुठून?”

गुकांनी आपला अहवाल तिच्याकडे सरकवला. त्याची पानंसुद्धा एकमेकांपासून सुटलेली नव्हती. “त्यात ‘इतर’ असा शब्द कुठे लिहिलाय का बघ. मालधक्क्यावर सगळी चोरी ‘इतर’मध्ये असायची.”

समोर कुणीतरी शौचालयांच्या संख्येविषयी विचारत होतं. तिने पानं फाडल्यासारखी उलटली. बेचाळिसाव्या पानावर शब्द सापडला. इतर उत्पन्न. पुढचा आकडा पीठविक्रीच्या नफ्याच्या नऊपट होता. खाली तारांकित टीप: नदीकाठची जमीन व कोठारे यांची विक्री.

तिने बोट ठेवून ते गुकांना दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. भिंगामागे त्यांचा डोळा मोठा आणि ओला दिसत होता. नखांत पीठ असलेला माणूस त्यांना आठवला की नाही, कोण जाणे. सोळा हजार शेअर होते त्यांचे मुगुमोत. बहात्तर हजार शिलिंग येणार होते. एवढं एका वर्षात कधीच आलं नव्हतं. रोडाची दोन वर्षांची औषधं. यंदाची आणि पुढची. आणि त्यानंतर विकायला नदीकाठी जमीनच उरलेली नव्हती.

“गुका,” ती कुजबुजली, “आमच्या पैशांचं काय करू?”

त्यांनी भिंग बंद करून खिशात ठेवलं. 

“आणि आता,” अध्यक्षांचा आवाज आला, “हिशेबमंजुरीचा ठराव. माझ्या वडिलांचे मित्र, आपल्या कंपनीचे सर्वांत जुने भागधारक… नाव सांगायची गरज आहे का?”

“नाही!” सभा ओरडली. टाळ्या सुरू झाल्या.

न्यागुथीचा फोन मांडीवर थरथरला. जेरुशाचा निरोप होता. ‘दलालाच्या दुकानात बसलेय. फॉर्म भरलाय, सही तेवढी राहिलीय. काय म्हणाले गुका?’

गुका उठले. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून, आधी गुडघे, मग कंबर, मग मान, असे तीन टप्प्यांत. सचिव माइक घेऊन पुढे आले होते. टाळ्या थांबल्या, आणि सभागृहात ती मऊ शांतता आली जी थट्टा ऐकण्याआधी येते. चारशे चेहरे हसायच्या तयारीत उघडे.

गुकांनी चिठ्ठी बघितली. तिची एक घडी घातली, मग दुसरी. सचिवांनी माइक आणखी जवळ धरला. गुकांनी ती घडी सचिवांच्याच कोटाच्या वरच्या खिशात, रुमाल ठेवतात तशी, नीट बसवली. मग खुर्चीवरची हॅट उचलली.

“ही यंदाची थट्टा दिसते,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

गुका खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालू लागले. काठी गालिच्यावर टेकत होती, पण तिचा आवाज होत नव्हता.

“गुका, शौचालय डावीकडे!” पुन्हा हशा. “आणि एकच आहे, घाई करा!”

“गिथाइगा गुका?” अध्यक्ष माइकवरून म्हणाले. “गुका, आम्ही थांबलोय.”

न्यागुथीने फोन उचलला. बोटांना लागलेलं पांढरं पीठ काचेवर उमटलं, तिने ते बाहीला पुसलं आणि लिहिलं: ‘काही म्हणाले नाहीत. सही करू नको.’

पाठवून तिने मान वळवली. हशा विरत आला होता. मागच्या रांगांतली दोन-तीन माणसं उगाच आपापले पुडे हातात घेऊन ते निरखत होती. गुका दारापर्यंत पोचले. दार जड होतं. त्यांनी ते खांद्याने ढकललं, बाहेरचं ऊन आत गालिच्यावर पडलं, त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली आणि ते बाहेर गेले.